दोन खिशांची दिवाळी

धोक पडव्याच्या सकाळी मी कपाटातून निळा झब्बा काढला. पांढराही होता, पण त्याला इस्त्री नव्हती, आणि सणाच्या दिवशी इस्त्रीवाल्याकडे जायचं म्हणजे त्याच्या घरचाही फराळ आला. म्हणून निळा. पुढे जे काही झालं ते या निळ्या झब्ब्यामुळे झालं, हे मी घरात अनेकदा समजावून सांगितलंय. कुणी मानत नाही.

हा झब्बा आमच्या विष्णू टेलरने शिवलेला. कापड थोडं जास्त झालं होतं. माणूस प्रामाणिक, त्यामुळे उरलेलं कापड ठेवून न घेता त्याने ते सगळं खिशांत घातलं. दोन्ही बाजूंचे खिसे पार गुडघ्यापर्यंत जातात. एकदा माझा चष्मा त्यात पडला होता, तो झब्बा धुवायला टाकल्यावर सापडला.

माझं नाव संताजी. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते, म्हणून घरात अशी दणदणीत नावं ठेवायची पद्धत आहे. मी मात्र विजय नगरात एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात खुर्चीवर असतो. लोक येतात, सांगतात, 'भिया, गाय एकदम समोर आली.' मी त्यांच्याकडे नुसता बघतो आणि मनात म्हणतो, गाय एकदम कधी येते? तिला यायला चांगला वेळ लागतो. (माझा हा संशयी स्वभाव लक्षात ठेवा, तो पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.)

तर, नवरात्रात माझा शुगरचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, 'बॉर्डरवर आहात.' आमच्या घराण्याला बॉर्डरची सवय आहे, त्यामुळे मी घाबरलो नाही. पण माझी मुलगी कस्तुरी आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिला पहिल्यांदाच घरबसल्या पेशंट मिळाला होता. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता आला नाही.

'बाबा, पूर्ण बंद नाही करायचं,' ती म्हणाली. 'बॅलन्स ठेवायचा. दिवाळीत रोज एक गोड. फक्त एक. कोणतं आणि कुठे, ते तुम्ही ठरवा.'

'आणि पडव्याला? पडव्याला घरोघरी जायचं असतं.'

'पडव्याला पण एकच.'

आता इंदूरबाहेरच्या लोकांना यातली अडचण कळायची नाही. आमच्या माळव्यात लक्ष्मीपूजनानंतर धोक पडवा येतो. धोक देणं म्हणजे वाकून, थोरांच्या पायांवर डोकं टेकून नमस्कार करणं. सकाळपासून घरोघरी जायचं, धोक द्यायची आणि तोंड गोड करायचं. धोक देऊन काही न खाता निघालात तर समोरचा समजतो की तुम्ही भांडायला आला होतात. या गावात माणूस एक वेळ स्थळाला नाही म्हणू शकतो, ताटलीला नाही.

आणि हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या वर्षी मी एकदाच नाही म्हणालो होतो, तेही नेमकं द्वारका आत्याला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रामबागेत राहते. वय झालंय, उंचीने माझ्या खांद्याला लागत नाही, पण सगळं खानदान तिला वचकून असतं. शोभना, म्हणजे माझी बायको, लग्न होऊन कराडहून इंदुरात आली तेव्हा माझी आई नव्हती. आत्याने तिला हाताशी धरलं. पोळी लाटण्यापासून ते माझ्याशी कसं बोलावं इथपर्यंत सगळं शिकवलं. (दुसरा विषय तिला जरा जास्तच चांगला शिकवलाय.) आत्याचे अनारसे म्हणजे तर काय बोलावं. तिच्या अनारशाची जाळी बघायला बायका यायच्या.

गेल्या पडव्याला मी तिच्याकडे सगळ्यात शेवटी पोचलो. पोटात तिळाएवढी जागा नव्हती. भरल्या घरात तिने अनारशाची ताटली पुढे केली आणि मी म्हणून गेलो, 'नको आत्या, शुगर आहे.' तेव्हा मला शुगरबिगर काही नव्हती. सुचली ती सबब सांगितली. (ती वर्षाच्या आत खरी झाली, याला काय म्हणावं.) आत्या ताटली उचलून आत गेली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. त्यानंतर वर्षभर ती आमच्याकडे फिरकली नाही. शोभनाने फोन केला की सूनबाई मंगला सांगायची, 'आई पडल्यात जरा.' इतकं पडलेलं माणूस आमच्या खानदानात दुसरं झालं नसेल.

शोभना वर्षभर वरून शांत होती. पण अनारशाचं पीठ भिजवायला घेतलं तेव्हा मधेच हात थांबवून म्हणाली, 'मला माझ्या आत्या परत हव्यात. या वेळी त्यांच्यासमोर बसून, मागून घेऊन, त्यांच्या हातचा अनारसा खायचा. एवढं एक काम करा.' तिचा आवाज भरून आला होता. मलाही वाईट वाटलं. आत्या मला काय कमी जवळची आहे?

म्हणजे हिशेब सोपा होता. पडव्याचं माझं एकमेव गोड आत्याच्या अनारशासाठी राखून ठेवायचं. बाकी घरी कुणाचंही मन न मोडता काहीही खायचं नाही. आणि अंगात निळा झब्बा होता.

पहिला प्रसंग घरीच आला. पाडव्याचं औक्षण झालं, आणि शोभनाने तबकातला अनारसा उचलून माझ्या हातावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने आत्याला न विचारता, एकटीने केलेला. त्यांचाच डबा ती आत्याकडे नेणार होती. तिच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाची भीती होती.

'बघा बरं, कसा झालाय.'

इथे मी सरळ सांगायला हवं होतं की बाई गं, माझा आजचा कोटा आत्याच्या नावावर आहे. आमच्या ऑफिसात हे कलम मला पाठ आहे: माहिती दडवली की क्लेम बाद. पण ती इतक्या आशेने बघत होती की माझी जीभ उचलेना. मी देवघराकडे वळून हात जोडल्यासारखं केलं, अनारसा खिशात सोडला आणि रिकामं तोंड चावत परत वळलो.

'अप्रतिम,' मी म्हणालो. 'तोंडात टाकला आणि विरघळला.'

'विरघळला? कुरकुरीत नाही झाला?'

'म्हणजे आधी कुरकुरला. मग विरघळला.'

ती खुलली. मी मनात म्हटलं, जमलं की. हे फार सोपं आहे. माणसाचा घात होतो तो पहिल्या यशाने.

ठरलं असं, की शोभना आणि कस्तुरी घरी आलेल्यांचं बघून परस्पर आत्याकडे जातील, आणि मी आधी बाहेरची घरं उरकून तिथे पोचेन. पहिलं घर समोरचंच. तिथे भूषण आणि पलक हे तरुण जोडपं राहतं. तो नाशिकचा, ती पक्की इंदुरी, दोघं कॉम्प्युटरवाले. त्यांना धोक मी द्यायची नव्हती, उलट तेच वाकले. वाकून उठतायत तोवर पलकने ताटली आणली.

'अंकलजी, ओट्स आणि खजूरचे लड्डू. एकदम हेल्दी. शुगर नाहीचे यात.'

शुगर नसली तरी खजूर गोड, म्हणजे कस्तुरीच्या कायद्याने तो गोडच. मी लाडू हातात घेतला. वजनावरून तो कुलपाच्या जातीचा वाटला. मी छताकडे बघत म्हणालो, 'पंखा नवीन घेतलात?' दोघांनी वर पाहिलं. लाडू खिशात गेला आणि माझ्या गुडघ्यावर आपटला. मी कळवळलो.

'काय झालं काका?' भूषणने विचारलं.

'काही नाही. चव लागली.'

'मग अजून एक घ्या ना काका, त्योहार आहे.'

दुसरा लाडू मी डाव्या खिशात टाकला, म्हणजे दोन्ही बाजूंना वजन सारखं. कस्तुरी बॅलन्स बॅलन्स म्हणते तो मी माझ्या परीने ठेवत होतो.

मग खालच्या मजल्यावरचे अप्पासाहेब. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. या माणसाला पंखा नवीन घेतलात का विचारून वर बघायला लावता येत नाही. तो तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बसतो. त्यांनी गरम जिलेबी मागवली होती. मी जिलेबी तोंडापर्यंत नेली, जोरात खोकलो, रुमाल काढला, रुमालात जिलेबी घेतली आणि रुमालासकट खिशात घातली.

'खोकला कधीपासून?' अप्पासाहेबांनी विचारलं.

'आत्तापासून.'

'जिलेबीने खोकला जातो. घ्या.'

माझा खोकला काही जाईना, त्यामुळे जिलेब्या येत राहिल्या. रुमाल भरला, पुढच्या जिलेब्या तशाच बिनरुमालाच्या गेल्या. पाक झिरपून पायजम्यातून मांडीला लागायला लागला. तेवढ्यात त्याच खिशात फोन वाजला. काढला तर त्याला एक जिलेबी कानातल्यासारखी लटकलेली. मी पाठ करून ती सोडवली आणि फोन घ्यायला बोट फिरवलं, पण पाकामुळे बोट फिरेना, आणि फिरलं ते भलत्याच जागी, स्पीकरवर. शोभनाचा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

'अहो, कुठे आहात? जास्त कुणाकडे खाऊ नका, कळलं ना? आत्यांचा अनारसा राहायला नको.'

अप्पासाहेब माझ्याकडे बघत होते. 'घरून नको म्हणतात, तरी खाता. याला म्हणतात माणुसकी,' ते म्हणाले आणि निघताना दोन बेसनाचे लाडू जबरदस्तीने हातात कोंबले. तेही गेले, एक उजवीकडे, एक डावीकडे.

शेवटचं घर साहेबांचं. श्रीहरी साहेब विजय नगरातच, ऑफिसच्या मागच्या बाजूला बंगल्यात राहतात. मी आत शिरलो आणि मॅडम हसून म्हणाल्या, 'संताजी, काय हो हे? दिवाळीने तब्येत भरली तुमची.'

मी खाली पाहिलं. झब्बा दोन्ही बाजूंनी असा फुगला होता की मला कमरेशी नेसूच्या लुगड्यासारखा घेर आला होता.

'रिस्क वाढली तुमची,' साहेब म्हणाले. 'मी तुमची पॉलिसी काढली नसती.' आणि हे बोलून त्यांनी मावाबाटी मागवली. मावाबाटी हा आमच्याकडचा पदार्थ. मुठीएवढी, आत सुकामेवा, बाहेरून पाकात बुडवलेली. ती मी खिशात कशी घातली ते विचारू नका. साहेबांना फोन आला, मॅडम चहा सांगायला उठल्या, आणि जे व्हायचं ते झालं. तिचं अर्धं अंग बाहेर राहिलं होतं, ते मी वरून दाबलं. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर अर्थातच मी खिसे रिकामे करायचं ठरवलं. पण तुम्ही इंदुरात राहत असाल तर तुम्हाला माहीत आहे, या गावात माणूस रस्त्यावर शेंगेचं टरफल टाकायला धजत नाही, मी लाडू कुठून टाकणार? कोपऱ्यावर दोन डबे होते, ओल्या कचऱ्याचा आणि सुक्याचा. पहिला प्रश्न, ओट्सचा लाडू ओला की सुका. दुसरा प्रश्न, साहेब फाटकात उभे राहून हात हलवत होते. आणि खरं सांगायचं तर सणाचं अन्न डब्यात टाकायला माझा हात झाला नसता.

तेवढ्यात एक कुत्रं आलं. शेपूट हलवत माझ्या खिशाचा वास घेऊ लागलं. मी वळणावर जाऊन त्याच्यापुढे बेसनाचा लाडू धरला, तर वरच्या गॅलरीतून एक बाई कडाडल्या.

'ओ भिया! डॉगी को मीठा मत खिलाओ, बीमार पड़ता है. उसका डाइट चल रिया है.'

मी लाडू परत खिशात ठेवला. इंदुरात त्या दिवशी डाएटवर असलेले आम्ही दोघेच होतो, आणि दोघेही एकमेकांकडे बघत उभे होतो.

पुन्हा शोभनाचा फोन. 'आम्ही पोचलोय. आत्या नऊवारी नेसून बसल्यात. दोनदा विचारलं, संता आला का म्हणून. अहो, त्या माझ्याशी बोलल्या. लवकर या, आणि भुकेल्या पोटी या.'

तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी स्कूटर तशीच रामबागेकडे घेतली. (ऑफिसातला नंदू गौतमपुऱ्याचा. तो म्हणाला होता, 'चल, संध्याकाळी हिंगोट बघायला. दोन टोळ्या पेटती फळं फेकून एकमेकांना मारतात.' मी म्हणालो होतो, नको रे बाबा, धोक्याचं काम. मी गेलो असतो तर सुरक्षित राहिलो असतो.) वाटेत मनात ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या बाथरूममध्ये जायचं, खिसे पिशवीत रिकामे करायचे आणि मग धोक द्यायची.

दार आत्यानेच उघडलं.

वर्षभरात ती अजून लहान झाली होती. जरीची हिरवी नऊवारी, नथ, आणि डोळ्यांत वाट बघून थकलेलं काहीतरी. माझ्या मागे कुणी नाही ना बघितलं, मग मला बघितलं.

'आलास?'

एवढंच म्हणाली. मागे शोभना आणि कस्तुरी उभ्या होत्या, त्यांच्या मागे मंगला वहिनी. बाथरूमचा विचार त्या क्षणी मनातून गेला असं नाही, पण आत्या दारातच पाय जुळवून उभी राहिली होती.

मी गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली आणि लिफ्टसारखा सरळ खाली गेलो. हाताने पाय शिवले. खिसे जागच्या जागी राहिले.

'हे काय?' आत्या म्हणाली. 'कंबर धरली का? धोक अशी देतात? डोकं टेक.'

'आत्या, आत येऊन देतो ना.'

'माझ्या दारात दे. वर्षाने आलायस.'

मी मनातल्या मनात खजरान्याच्या गणपतीला हात जोडले आणि डोकं टेकलं.

आधी पलकचा लाडू सुटला. तो फरशीवर पडला तेव्हा असा आवाज झाला की आतल्या खोलीत कुणी तरी 'काय फुटलं?' विचारलं. तो गडगडत सोफ्याखाली गेला. त्याच्या मागून दुसरा. मग बेसनाचे लाडू, ते पडले आणि तिथेच बसले. मग मावाबाटी, जी आता दोन ठिकाणी होती. मग रुमाल, जिलेब्यांसकट, आणि सगळ्यात शेवटी माझा फोन, त्याला चिकटलेला शोभनाचा अनारसा. सगळं आत्याच्या पायांशी, नैवेद्य ठेवावा तसं. मी डोकं टेकलेलंच ठेवलं. वर काढायची घाई मला नव्हती.

'संत्या,' वरून आत्याचा आवाज आला, 'हे काय आहे?'

'आत्या, मी समजावतो.'

'शुगर आहे म्हणतोस.'

'आहे ना.'

'माझा एक अनारसा शुगरला चालत नव्हता. आणि गावभरचं खिसे भरून घरी नेतोस?'

मी उठून बसलो. 'घरी नेत नव्हतो. खाल्लं नाही, म्हणून खिशात आहे. एकही खाल्लं नाही आत्या, शपथ. कोटा एकच आहे, तो तुझ्या अनारशासाठी ठेवला होता. म्हणून बाकीच्यांचं तोंडाजवळ नेऊन खिशात टाकत गेलो.'

बोलता बोलता मलाच कळत होतं की हे कसं वाटतंय. हेच कुणी माझ्या टेबलापुढे येऊन सांगितलं असतं तर मी चहाचा घोट घेत 'असंभाव्य' असा शेरा मारला असता. यापेक्षा गाय एकदम समोर आली हे जास्त पटतं.

'बाबा, हा तुमचा बॅलन्स?' कस्तुरी म्हणाली.

'दोन्ही खिशांत सारखं होतं,' मी म्हणालो. ते बोलायला नको होतं.

मग शोभना खाली वाकली. तिने माझा फोन उचलला, त्याला चिकटलेला अनारसा सोडवला आणि उलटा करून पाहिला.

'हा माझा आहे,' ती म्हणाली.

तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला.

'आधी कुरकुरला,' शोभना म्हणाली. 'मग विरघळला.'

आता माझ्या बाजूने कुणी म्हणून उरलं नाही. मी शेवटचा उपाय केला. उठलो, आत गेलो, पाटावर मांडी घालून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, 'आत्या, आण अनारसे. सगळ्यांसमोर खातो. कोटा गेला खड्ड्यात, ताटभर खातो.'

आत्या जागची हलली नाही. मंगला वहिनी पदराशी चाळा करत होत्या.

'भावजी,' त्या हळूच म्हणाल्या, 'यंदा आईंनी अनारसे केलेच नाहीत.'

'का?'

'म्हणाल्या, संताची शुगर आहे. घरात अनारसा दिसला की त्याला खावासा वाटेल, नाही म्हणताना जीव कष्टी होईल. लग्न झाल्यापासून आईंची एक दिवाळी अनारशावाचून गेली नाही. ही पहिली.' आणि आतून त्यांनी माझ्यासाठी मांडलेली ताटली आणली. पपईच्या फोडी, फुलासारख्या गोल रचलेल्या. भाजलेले मखाणे. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. 'कस्तुरीकडून विचारून विचारून केलंय सगळं.'

मी कस्तुरीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आत्याने वर्षभर शोभनाचा फोन घेतला नव्हता, पण दिवाळीच्या आधी गुपचूप नातीला फोन करून माझा आहार विचारून घेतला होता.

'गेल्या वर्षी मी तोंड फिरवून बसले,' आत्या म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की शोभनाशी, कळत नव्हतं. 'मागाहून वाटलं, पोराला खरंच आजार असेल. मी काय विष खा म्हणून बसले होते का? मग लाजच वाटली. फोन घेऊन काय बोलू? म्हटलं, पडव्याला येईल तेव्हा त्याचं पथ्याचं करून ठेवीन, म्हणजे कळेल त्याला.' तिने फरशीकडे पाहिलं. 'आणि हा मावाबाटी घेऊन आला.'

मला रडू आलं. खरंच आलं. एका खोट्या शुगरपायी ती बाई वर्षभर झुरली होती.

तेवढ्यात आत्याने शोभनाच्या हातातला अनारसा घेतला. लागलेला पाक पदराने पुसला, प्रकाशाकडे धरून जाळी पाहिली, तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. शोभनाने श्वास रोखला. माझ्या मुलाखतीच्या वेळीसुद्धा मी इतका ताण पाहिला नव्हता.

आत्या सावकाश चावत राहिली. 'तूप जरा जास्त तापलं होतं,' ती म्हणाली.

'हो,' शोभना कशीबशी म्हणाली.

'जाळी पडलीय.' दुसरा तुकडा मोडला. 'कुणाला विचारून केलास?'

'कुणाला विचारणार? तुम्ही फोन कुठे घेत होतात?'

आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिची हनुवटी थरथरली. 'माझ्याच हातचा वाटतोय,' ती म्हणाली. बस, पुढचं मला दिसलं नाही, कारण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि मधे नऊवारी होती. मंगला वहिनीही रडायला लागल्या. कस्तुरीने शोभनाच्या पिशवीतला अनारशांचा डबा काढून उघडला, आणि पाच मिनिटांत चौघी पलंगावर बसून अनारसे खात, तुपाची आच, खसखस आणि माझा मूर्खपणा या विषयांवर एकाच वेळी बोलू लागल्या. तिसऱ्या विषयावर सगळ्यांचं एकमत होतं. इतकं हसणं त्या घरात किती तरी दिवसांनी झालं असेल.

मी सोफ्याखालचा लाडू काठीने ओढत होतो.

'मला एक देता?' मी तिथूनच विचारलं. 'माझा कोटा अजून शाबूत आहे.'

चौघी थांबल्या.

'कशाला?' आत्या म्हणाली. 'खिशात ठेवायला?'

मी पपई खाल्ली. चांगली होती.

दिवाळीनंतर रिपोर्ट आला, शुगर पार खाली. डॉक्टरांनी विचारलं, 'सणात काय खाल्लंत?' मी म्हणालो, 'काही नाही.' तेही विश्वास ठेवीनात. ऑफिसात पहिल्याच दिवशी श्रीहरी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. 'बघा, याला म्हणतात इच्छाशक्ती. पडव्याला हा माणूस एवढा होता,' असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी माझा त्या दिवशीचा घेर दाखवला. आत्या आता दर दोन दिवसांनी आमच्याकडे येते आणि शोभनाला अनारशापुढचं काहीतरी शिकवते.

आणखी एक बदल झाला. शोभनाने विष्णू टेलरकडे जाऊन माझ्या सगळ्या झब्ब्यांचे खिसे शिवून बंद करून घेतले. त्यामुळे तुळशीच्या लग्नाला अप्पासाहेबांकडे गेलो तेव्हा माझ्या एका हातात फोन आणि रुमाल होता, दुसऱ्यात चष्मा आणि स्कूटरची किल्ली. अप्पासाहेब गुलाबजाम घेऊन पुढे आले, माझे दोन्ही हात भरलेले पाहिले आणि म्हणाले, 'असू द्या, असू द्या, आ करा.' दोन भरवून झाल्यावर ते तिसऱ्यासाठी वळले, तेव्हा दारात कस्तुरी उभी होती.